आईला दिलेला होकार

आमच्या वणीच्या ओसरीवरून सप्तशृंगीच्या डोंगररांगा दिसतात. आईच्या अखेरच्या दुखण्यात, दिवाळीच्या तोंडावर तिने मला विचारले, "चैत्रात नेशील ना रे मला गडावर?" फार तर महिना, असे डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले होते. मी म्हणालो, "नेईन की." तिने संक्रांत पाहिली नाही.

हा होकार पुढे मनात सलत राहिला, तेव्हा मी घरातले 'गीतारहस्य' काढले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ते लिहिले, १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. पूर्वेचा व पश्चिमेचा नीतिविचार त्यात शेजारी शेजारी मांडला आहे, आणि खोटे बोलावे का, हा प्रश्नही त्यात आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली यावर एक कठोर निबंध लिहिला. खुनी दाराशी येऊन, तुझा मित्र घरात लपला आहे का, असे विचारतो. हो किंवा नाही म्हणणे भागच आहे. तरीही खोटे बोलू नये, असे कांट म्हणतो. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला नेमकी उलट गोष्ट सांगतो. सत्यव्रती कौशिकाने लुटारूंना रानात लपलेली माणसे दाखवली, ती मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला.

म्हणून पश्चिम कोरडी आणि आपण दयाळू, अशी वाटणी मात्र कोणी करू नये. कांटला विरोध करणारा काँस्तांही पश्चिमेचाच. शिवाय महाभारत खोट्याला फुकट सोडत नाही. द्रोणांना सांगितलेल्या अर्धसत्यापायी धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ भुईला टेकला, आणि शेवटी त्यालाही नरक पाहावा लागला. बोलावे लागले तर बोल, पण किंमत दे. मला हे अधिक खरे वाटते.

तरी कांट पाठ सोडत नाही. माझ्या दाराशी खुनी नव्हता, आई होती. तिला काय कळावे, हे मी परस्पर ठरवले. तिला काही सांगायचे, कोणाला भेटायचे राहिले असेल तर?

फाल्गुनात पत्नीने पेटीतून एक खण व नारळ काढला. ती म्हणाली, "सासूबाईंनी दसऱ्यालाच दिला होता. म्हणाल्या, चैत्रात माझी ओटी तूच भर देवीला. यांना एवढ्यात सांगू नकोस, जिवाला लावून घेतील."

त्या चैत्रात आम्ही दोघे गडावर गेलो.