हाक आणि ओ

जालन्याच्या मोंढ्यात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर हळदकुंकू वाहताना मला एक जुनी नोंद हटकून आठवते. यंदा माझ्या भाच्याने तिचा अर्थ नको इतका उलगडून दाखविला.

हा मुलगा 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' लिहितो. संगणकांच्या जाळ्यावरचे हे करार अटी पुऱ्या होताच आपले आपण अमलात येतात, आणि गरज पडली की एक करार दुसऱ्याला हाक मारतो. साध्या रीतीची हाक फसली, तर सारा व्यवहार मोडतो नि पैसा जागच्या जागी राहतो. दुसऱ्या रीतीत पलीकडून 'झाले' किंवा 'नाही झाले' एवढाच निरोप येतो. तो ऐकायचा की नाही, हे हाक मारणाऱ्याच्या मर्जीवर! २०१६ साली 'किंग ऑफ द ईथर' नावाच्या खेळात नव्या राजाने भरलेले पैसे पायउतार झालेल्या राजाला मिळायचे. काहींना ते पोचलेच नाहीत. 'नाही' असे उत्तर आले होते. पण कराराने ते न पाहता खुशाल नवा राजा गादीवर बसविला. त्याहून चमत्कारिक म्हणजे, जिथे करारच नाही अशा ओसाड पत्त्यावर या रीतीने हाक मारली, तर 'झाले' असेच उत्तर येते म्हणे!

मला हसू आले नाही. आमच्या दुकानातला एक हमाल वारला, तेव्हा त्याच्या बायकोला भोकरदनला पैसे पोचवायचे होते. तिकडे जाणाऱ्या एकापाशी मी ते दिले आणि त्याच क्षणी वहीत 'पावले' असे लिहून टाकले. चार दिवसांनी तो दारातूनच म्हणाला, "मुनीमजी, घराला कुलूप होतं," आणि पैसे गल्ल्यात टाकून गेला. बाहेर गाड्यांची रीघ लागलेली. मी "बरं, बरं" म्हटले. दिवाळीला शिल्लक जास्त निघाली, ती आम्ही लक्ष्मीची कृपा समजलो. तिचा मुलगा शाळा सोडून वीटभट्टीवर गेल्याचे मला पुढल्या वर्षी कळले.

"आधी लिहिलंत, इथे तुमचं चुकलं नाही, मामा," भाचा म्हणाला. 'द डाओ' नावाच्या करारात, तेही २०१६ सालीच, पैसे आधी आणि नोंद मागाहून अशी रीत होती. नोंद होण्याआधीच घेणाऱ्याने पुनःपुन्हा हात पसरून सुमारे ३६ लाख ईथर नेले. "पण 'नाही' असं कानावर आलं, की लिहिलेलं खोडायचं असतं."

त्याच्यापाशी आणखी एक तोडगा आहे. पैसे पाठवूच नयेत; ज्याच्या त्याच्या नावे जमा ठेवावेत आणि त्याने येऊन न्यावेत. व्यापाऱ्याला हे पटेलही. पण आपल्या नावावर काही जमा आहे, हे त्या बाईला कोण सांगणार होते? भाचा गप्प राहिला. मी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढायला शिडी मागविली.