मुलांस हक्क शिकवावेत काय?

पुस्तकांतून हक्क शिकविल्यास मुले उद्धट होतील, असे कित्येक वडीलधाऱ्यांस वाटते. परंतु भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारात, हे हक्क मोठ्यांस व मुलांस सारखेच कळवावे, असे कलम आहे. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास पुष्कळ आईबाप ऊसतोडीस निघतात. लेकरेही फडावर जातात, व पुस्तक गावीच राहते. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा वाचून एखादी मुलगी विचारील, "मग धाकट्या भावास सांभाळावयास मी का जावे?" या प्रश्नास उद्धटपणा म्हणू नये. त्याचे उत्तर देण्याचे ओझे मात्र तिच्या शिरी नाही, ते शिकविणाराच्या शिरी आहे. यास्तव, शिक्षकहो, धडा देण्यापूर्वीच ती हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी कशी राहील, हे ठरवा. नाहीतर आपण तिला केवळ तिचे दुःख वाचावयास शिकविले, असे होईल.