न दिसणारे माप

पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नाव 'अल-मुतफ्फिफीन' असे आहे. मापात व तोलात थोडीथोडी कपात करणाऱ्यांसाठी हा शब्द आहे. सूरहचा आरंभच अशा लोकांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होतो. स्वतःसाठी घेताना ते पुरेपूर मोजून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात, असे त्यांचे वर्णन अल्लाहने केले आहे. या शब्दाच्या मुळाशी क्षुल्लक वस्तूचा अर्थ आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. येथे दरोडेखोरांचा उल्लेख नाही. चिमूटभर चोरणाऱ्याचा आहे, आणि इशारा मात्र एवढा कठोर आहे.

हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे किराणा दुकानाचा तराजू उभा राहतो. परंतु ज्या धंद्यात तराजू ग्राहकाला दिसतच नाही, तेथे काय? एअर कंडिशनर बसविणे, दुरुस्त करणे आणि त्यांची देखभाल करणे हा असाच एक व्यवसाय आहे. आपल्या अनेक मुलांनी आयटीआयमध्ये किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ही विद्या घेतली, कोणी तिच्या बळावर आखाती देशांत गेले, कोणी येथेच छोटे दुकान थाटले. हाताच्या श्रमाची ही कमाई इस्लामच्या दृष्टीने अत्यंत सन्मानाची आहे. माणसाने खाल्लेल्या अन्नात त्याच्या हातच्या कमाईहून उत्तम काही नाही, असे सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. दाऊद (अ.) यांचे उदाहरण दिले. अल्लाहने ह. दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले होते आणि ते चिलखते बनवीत असत. सूरह सबामध्ये त्यांना जी आज्ञा झाली तिच्यात चिलखताच्या कड्यांचे माप नेमके ठेवण्याचा आदेश आणि सत्कर्माचा आदेश एकाच आयतीत आले आहेत. कारागिराचे माप आणि त्याची धार्मिकता या दोन वेगळ्या खोल्यांतील वस्तू नाहीत.

आता या धंद्यातील मापे पाहू या. पहिले माप 'टन' हे आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. त्यावरून हे नाव पडले. ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट असा त्याचा हिशेब होतो. खोली किती मोठी, वर उघडी गच्ची आहे का, खिडकी पश्चिमेला आहे का, माणसे किती बसतात, हे पाहून क्षमता ठरवायची असते. गोदामात दोन टनांचे यंत्र पडून आहे म्हणून एका टनात भागणाऱ्या खोलीत ते गळ्यात मारणे, किंवा भाव कमी दिसावा म्हणून अपुरे यंत्र बसवून मोकळे होणे, हे दोन्ही मापातील दोष आहेत. दुसरे माप तांब्याच्या नळीचे. ती फुटांवर विकली जाते, भिंतीआड जाते आणि पुन्हा कोणी मोजत नाही. नळीची जाडी तर त्याहूनही कमी लोकांना कळते.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र गॅसच्या मापात आहे. हे आपल्या माताभगिनींनीही समजून घ्यावे, कारण दुपारी कारागीर येतो तेव्हा घरी बहुधा त्याच असतात. एसीतील गॅस चुलीतील गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. आतल्या भागात त्याची वाफ होताना तो खोलीची उष्णता शोषतो आणि बाहेरच्या भागात पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. नळ्या शाबूत असतील तर तोच गॅस वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून "गॅस संपला" या वाक्याचा एकच खरा अर्थ असू शकतो, तो म्हणजे कोठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरून पैसे घेणे म्हणजे तळाला भोक असलेल्या मडक्यात पाणी विकणे होय. आणि गॅस पुरेसा असतानाच "कमी झाला आहे" असे सांगणे तर उघड असत्य आहे.

गॅस भरण्याची योग्य रीत कारागिराला ठाऊक असते. प्रथम कोरडा नायट्रोजन भरून दाबाखाली गळती शोधावी, ती बंद करावी, मग व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओल काढावी आणि शेवटी यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरावा. येथे शब्दशः तराजू आहे! यंत्राच्या पट्टीवर ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. तरीही काटा गाडीतच राहतो, पंप वीस मिनिटांऐवजी दोन मिनिटे चालतो आणि बिल मात्र पूर्ण कामाचे होते. ग्राहकाला त्या दिवशी थंड हवा मिळते. दोन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा दोष कंपनीला दिला जातो.

प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर कोरडे असलेले धान्य आत ओले लागले. विक्रेत्याने पावसाची सबब सांगितली. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. ही घटना सहीह मुस्लिममध्ये आली आहे. कारागिराच्या बाबतीत ओला भाग वर ठेवणे म्हणजे, बिघडलेला कॅपॅसिटर काढून ग्राहकाच्या हातात देणे आणि एवढाच बिघाड होता असे सांगणे. काहीशे रुपयांच्या या तुकड्याने यंत्र बंद पडते. तेच निमित्त करून पीसीबी किंवा कॉम्प्रेसर बदलण्याचे हजारोंचे बिल होऊ शकते, आणि पकडणारा कोणी नसतो.

गेल्या उन्हाळ्यात शुक्रवारच्या नमाजनंतर एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, मालक सांगतात की दिवसाला निदान तीन घरी गॅसचे बिल झालेच पाहिजे. नाही झाले तर पगार कापतात. घरी आई आहे, दोन लहान बहिणी आहेत. खोटे मालकाचे की माझे?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही आडवळणाने देणे योग्य नव्हते. सृष्टीच्या निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणाही माणसाचे आज्ञापालन नाही, हा नियम प्रेषितांनी घालून दिलेला आहे. आदेश देणाऱ्याचे पाप मोठे आहे, परंतु ते हात त्या तरुणाचे आहेत आणि "बाजी, गॅस संपला" हे वाक्य त्याच्या जिभेचे आहे. मालकाला स्पष्ट सांगावे, दुसरे काम शोधणे आजपासून सुरू करावे, आणि ते मिळेपर्यंत एकही खोटे बिल लिहू नये. कापलेला पगार हे नुकसान खरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अशा मुलाला आठ-पंधरा दिवस सांभाळून घेणे आणि काम मिळवून देणे ही मोहल्ल्यातील सुस्थितीतील व्यापाऱ्यांची जबाबदारी आहे. केवळ उपदेश करून त्याला रिकाम्या हाती घरी पाठविणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

त्याने पुढे विचारले की आजवर जे झाले त्याचे काय. येथे पुष्कळ लोक गल्लत करतात. तौबा केल्याने अल्लाहच्या हक्कातील चूक माफ होण्याची आशा असते, परंतु माणसांचे हक्क त्यांना परत करावे लागतात. प्रेषितांनी आपल्या सोबत्यांना विचारले होते की दिवाळखोर कोण. सोबती म्हणाले की ज्याच्यापाशी पैसाअडका नाही तो. त्यावर त्यांनी सांगितले की खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल; मग त्याचे पुण्य त्या लोकांत वाटले जाईल आणि ते संपल्यावर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. म्हणून वहीत जे पत्ते आहेत तेथे जाऊन जमेल तसे पैसे परत करावेत किंवा माफी मागून घ्यावी. जे ग्राहक सापडतच नाहीत त्यांच्या वतीने तेवढी रक्कम गरजूंना द्यावी. दुकानाच्या मालकावर हे ओझे नोकरापेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण नफा त्याच्या पेटीत गेला आहे.

कधी कधी अशी कुजबुज कानी येते की ग्राहक आपल्या धर्माचा नसेल तर थोडे चालते. हे इस्लामवर लावलेले लांच्छन आहे. मक्केचे लोक प्रेषितांच्या जीवावर उठले होते, तरी त्यांच्या ठेवी प्रेषितांपाशीच होत्या. आणि हिजरतच्या वेळी त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी ह. अली (र.) यांना त्यांनी मागे ठेवले. ज्या घरी आपला मुलगा पान्हा घेऊन जातो, त्या घराने आजवर कदाचित एकही मुसलमान इतक्या जवळून पाहिलेला नसेल.

तो जातो तेही थेट शयनगृहात. सूरह अन-नूरमध्ये परवानगी घेऊन व सलाम करूनच परक्या घरात जाण्याचा आणि नजर खाली ठेवण्याचा आदेश आहे. घरात पुरुष नसेल तर सोबत हेल्पर न्यावा, दार उघडे ठेवावे, आणि तेथे जे दिसले ते तेथेच सोडून यावे.

कमिशनचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कार्यालयाच्या खरेदी अधिकाऱ्याला वार्षिक देखभालीचे कंत्राट मिळविण्यासाठी 'भेट' देणे या धंद्यात रूढ होऊन बसले आहे. जकात गोळा करण्यास पाठविलेला एक माणूस परतल्यावर म्हणाला की हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले. तेव्हा प्रेषितांनी मिंबरवरून विचारले की तो आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का. हा एक प्रश्न स्वतःला विचारला की बहुतेक पाकिटांची जात आपोआप कळते.

मालकांशी आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. बाहेरचे युनिट दहाव्या-बाराव्या मजल्याच्या भिंतीवर असते आणि अठरा-वीस वर्षांचा मुलगा एका हाताने ग्रील धरून दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवीत असतो. सेफ्टी बेल्ट दुकानात खुंटीला टांगलेला असतो. किंवा असतो तर तो त्याच डगमगत्या ब्रॅकेटला अडकविलेला असतो, ज्यावर युनिटचाच भार आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, या कुरआनच्या आदेशाचा अर्थ विद्वानांनी व्यापक घेतला आहे. येथे तर लोटणारे हात दुसऱ्याचे आहेत. "अल्लाह राखणारा आहे" असे म्हणून त्या मुलाला बाहेर पाठविणे हा तवक्कुल नाही. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण आहे. भक्कम जागी दोर बांधण्याची सोय नसेल तर ते काम नाकारावे. नळ्यांची चाचणी ऑक्सिजनने करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. कॉम्प्रेसरमधील तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो, आणि यात जीव गेलेले आहेत. नवीन यंत्रांतील आर-३२ गॅस काही अंशी ज्वलनशील आहे, तेव्हा अर्धवट शिकलेल्याच्या हाती ब्रेझिंगची ज्योत देणे किती धोक्याचे! वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करील तो नुकसानीस जबाबदार राहील, अशी हदीस आहे. फुकहांनी तिचा आधार इतर कारागिरांसाठीही घेतला आहे.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची हदीस आपण सगळेच ऐकत आलो आहोत. या व्यवसायात तिची कसोटी जुलैमध्ये लागते. मार्च ते जून रात्री अकरापर्यंत राबवून घेतलेल्या मुलाला पाऊस पडताच "हिशेब नंतर करू" असे सांगितले जाते. काम पूर्ण करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे सहीह बुखारीत आहे. वार्षिक कंत्राटाचे पैसेही ग्राहक आगाऊ देतो. वर्षातून चार सर्व्हिस ठरल्या असतील तर ग्राहकाने फोन न केल्यामुळे त्या तीन होत नाहीत.

जकातीविषयी थोडक्यात सांगतो. विक्रीसाठी ठेवलेली नवी यंत्रे, नळीची बंडले, सुटे भाग आणि सिलिंडरमधील गॅस यांची त्या दिवसाच्या बाजारभावाने किंमत करून, हाती असलेल्या रोख रकमेसह तिच्यावर अडीच टक्के जकात निघते. पंप, गेज, शिडी आणि दुकानाची गाडी या कामाच्या वस्तूंवर ती नाही.

शेवटी आपल्या मशिदींच्या विश्वस्तांसाठी काही शब्द. रमजान जवळ आला की मोहल्ल्यातील एसीवाल्याला बोलावणे जाते. आठ-दहा यंत्रे धुऊन घेतली जातात आणि पैशाचा विषय निघताच त्याला सवाबची आठवण करून दिली जाते. तो संकोचाने काही बोलत नाही. त्याच्यासोबत दोन हेल्परही असतात, त्यांची दिवसभराची मजुरी तो खिशातून देतो. त्याला आधी दर विचारावा, काम संपताच पूर्ण रक्कम त्याच्या हातात द्यावी. त्यातून त्याने चंद्याच्या पेटीत काही टाकले तर ते तो जाणे आणि त्याचा रब जाणे.