गाडी कुणाची, मत कुणाचं?

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्यांच्या घरात गाडीवरून वाद होणं काही नवीन नाही. पण २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे झालेला वाद मायलेजचा नव्हता की हप्त्यांचाही नव्हता. मला टेस्ला घ्यायची होती आणि कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, त्या गाडीत मी बसणार नाही."

कारण होतं इलॉन मस्क. २०२४ च्या निवडणुकीत त्यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले होते.

मी म्हटलं, "अगं, गाडी बनवतात इंजिनियर आणि कामगार. मालकाच्या मतांशी आपल्याला काय करायचंय? मग दारातली फोर्ड कशी चालते तुला?"

हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला ५ डॉलर द्यायला सुरुवात केली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांच्याच 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकात १९२० पासून ज्यूंविरुद्ध विखारी लेख छापले जात होते. १९२७ मध्ये त्यांनी माफी मागितली खरी, पण १९३८ मध्ये हिटलरच्या सरकारचं पदकही स्वीकारलं.

मुलगी शांतपणे म्हणाली, "ते १९४७ मध्ये वारले, बाबा. तुमचा आजचा डॉलर त्या लेखांना लागत नाही."

मी निरुत्तर झालो. मत बाळगणं वेगळं आणि आपल्या खरेदीतून वाढलेली संपत्ती राजकारणात ओतणं वेगळं. प्रत्येक दुकानदाराची मतं तपासत बसलो तर मीठसुद्धा मिळायचं नाही! १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर लोकमान्यांनी बहिष्काराचा पुरस्कार केला, तेव्हाही मँचेस्टरच्या गिरणीमालकाचं वैयक्तिक मत कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न होता तो आपल्या पैशाने बळ कुणाला मिळतं, हा. अर्थात बहिष्काराची झळ मालकाआधी कामगाराला लागते, हेही विसरून चालणार नाही.

मग मी तिला विचारलं, "हेच पैसे तुझ्या आवडत्या पक्षाला गेले असते तर?"

ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही तितकाच लागू होता. आपल्या बाजूच्या धनिकाला आपण दानशूर म्हणतो आणि समोरच्याला सत्तेचा सौदागर!

शेवटी आम्ही ती गाडी घेतली नाही. पण घरात एक नियम ठरला: जी फूटपट्टी परक्याला, तीच आपल्याला. गाडी सोडणं सोपं होतं. हा नियम पाळणं मात्र जड जातंय. तुमच्या घरी काय ठरलंय?