मध्ये कोण जातं?

ऑफिसात माझं काम एका वाक्यात सांगायचं तर लोकांच्या वाटेतले अडथळे काढणं. एक स्क्रीन कमी, एक क्लिक कमी, दोन सेकंद कमी. आणि गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी मी चार फूट लांब, एक फूट रुंद प्लायवुडवर मुद्दाम अडथळे रचते आहे. छोट्या रेल्वेचं शंटिंग यार्ड. कोथरूडला जोशींच्या संग्रहालयात दिसते तशी डोंगर, बोगदे, सर्कस असलेली रेल्वे नाही. माझी गाडी कुठेच जात नाही. ती मागे-पुढे करत राहते.

नकाशा माझा नाही. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश हौशी माणसाने तो बनवला. त्याचं नाव ‘इंगलनुक सायडिंग्ज’. तीन फाटे असतात. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. (‘वॅगन’ची वाघीण झाली, हा मला मराठीतला सगळ्यात देखणा अपभ्रंश वाटतो.) तिन्ही फाटे जिथे एकत्र येतात त्याच्यापुढे रुळाचा एक आखूड तुकडा, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढंच बसतं. सांधे फक्त दोन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच नंबर काढायचे आणि त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब फाट्यावर लावायच्या. 8 × 7 × 6 × 5 × 4, म्हणजे 6720 वेगवेगळी कोडी. एवढ्याशा फळीवर.

सगळी गंमत लांबीत आहे. तो पुढचा आखूड तुकडा वीतभर वाढवला, की कोडं ढिलं पडतं. म्हणून कागदावर आखताना मी मिलीमीटर मोजत बसते. रुळाच्या रुंदीचा हिशोब मात्र सोडून द्यावा लागतो. आपली ब्रॉडगेज 1676 मिलीमीटर. 1:87 या प्रमाणात ती सव्वाएकोणीस मिलीमीटर व्हायला हवी, पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, कारण ते 1435 मिलीमीटरच्या परदेशी रेल्वेसाठी बनतात. त्यामुळे माझं इंजिन ऐटीत भारतीय रंगात उभं असलं, तरी जरा आखडूनच उभं आहे.

कंप्युटरवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फाटा म्हणजे सरळसरळ ‘स्टॅक’: शेवटी आत गेलेली वाघीण आधी बाहेर. एड्सगर डायक्स्ट्राने 1961 मध्ये गणिती पदावल्यांचा क्रम लावणारा जो अल्गोरिदम मांडला, त्याचं नावच ‘शंटिंग यार्ड’ आहे. 1, 2, 3 अशा येणाऱ्या तीन वाघिणींना एका फाट्यात एकदाच आत-बाहेर करायची मुभा असेल, तर सहापैकी पाच क्रम लावता येतात; 3-1-2 काही केल्या लागत नाही. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. बोटांनी वाघिणी ढकलल्यावर ते पहिल्यांदा पटलं.

पण मुद्दाम अडचण करून ती सोडवण्यात कसला आनंद? बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या साधारण अशीच केली आहे: गरज नसलेले अडथळे आपणहून अंगावर घेणं. चेंडू हाताने उचलून गोलमध्ये ठेवणं सोपं असतं, तरी आपण पायाने मारतो. मला ही व्याख्या आवडते. ‘आपणहून’ या शब्दापाशी मात्र मी अडखळते. कारण शंटिंग हा काही कुणी शोधून काढलेला खेळ नव्हे. ती लोकांची नोकरी आहे.

आमच्या सोसायटीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. बरीच वर्षं यार्डात होते. एका रविवारी ते माझी फळी बघायला आले, खुर्ची ओढून बसले, मी एक कोडं सोडवून दाखवलं. वाघिणींच्या कपलिंगमध्ये बांबूची बारीक काडी घालून त्या सोडवाव्या लागतात, तेही त्यांनी नीट पाहिलं. मग विचारलं, “सगळं बरोबर आहे बाळा. पण मध्ये कोण जातं?”

मध्ये, म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये. बफरखालून वाकून आत जायचं, साखळी चढवायची किंवा काढायची, बाहेर यायचं. आणि तेवढा वेळ इंजिन हलता कामा नये. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कडी आणि खिट्टीची जोडणी होती. ती लावताना माणसांची बोटं जायची, हात जायचे, जीवही जायचे. ईलाय जॅनीने 1873 मध्ये आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं. तशी कपलिंग सक्तीची करणारा कायदा आला 1893 मध्ये, वीस वर्षांनी. उपाय हाताशी होता, पण कंपन्यांना तो महाग वाटत होता आणि बोटं त्यांची नव्हती. ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर नोव्हेंबर 2024 मध्ये बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन सोडवताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मध्ये सापडून मेला. मुंबईहून पुण्याला येताना घाट चढण्यासाठी बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. गाडीला हलका धक्का बसतो. आपण वडापाव खात असतो.

मग हा खेळ खेळूच नये का? एका मैत्रिणीचं म्हणणं तसं आहे: दुसऱ्याच्या जिवावरच्या कामाची करमणूक करायची हे जरा ओंगळ नाही का? मला पटत नाही. मुली भातुकलीत चूल मांडतात तेव्हा त्या आईच्या धुराची टिंगल करत नसतात. खेळून माणूस एखादं काम आतून ओळखायला लागतो. पण काय गाळून खेळलं, हा प्रश्न तिने नेमका विचारला, असं मी म्हणेन.

जॉन अ‍ॅलन या अमेरिकन मॉडेलकाराने 1972 मध्ये ‘टाइमसेव्हर’ नावाचा असाच एक नकाशा प्रसिद्ध केला. पाच सांधे, नुसता गुंता, आणि घड्याळ लावून खेळायचं. कमी वेळात संपवेल तो जिंकला. त्यावर नेहमीचा आक्षेप असा, की असं गैरसोयीचं यार्ड खरी रेल्वे कधीच बांधणार नाही. माझा आक्षेप घड्याळावर आहे. मिनिटं मोजली की मिनिटं कमी होतात, पण ती कुणाच्या अंगावरून कमी झाली हे घड्याळ सांगत नाही. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या अ‍ॅपमध्येही तो आकडा माझ्यासारखंच कुणीतरी बसून ठरवतं, आणि सिग्नल तोडणारा दुसराच असतो.

काकांना विचारून मी एक नियम घातला. दर वेळी जोडताना किंवा सोडवताना इंजिनावरून हात काढायचा आणि वीस अंक मोजायचे. पहिल्या दिवशी हे मलाच नाटकी वाटलं. वाघिणींवर खोटा गंज रंगवतात तशी ही रंगवलेली सहानुभूती, आणि वीस अंकांनी कुणाचं काही भलं होत नाही. तो संशय अजून पुरता गेलेला नाही. पण एक गोष्ट बदलली. आधी मी इंजिनाच्या फेऱ्या वाचवायचे. आता जोडण्या वाचवते. दोन्हींचं उत्तर दर वेळी एक येत नाही. कितीदा तर इंजिनाला लांबचा हेलपाटा घालावा लागतो आणि त्या बदल्यात एकदा कमी मध्ये जावं लागतं. वाघिणी त्याच आणि रूळही तेच, पण कशाला खर्च म्हणायचं ते बदललं की चांगली चाल कोणती तेही बदलतं. हे मी रोज कोडमध्ये करते. तिथे ‘खर्च’ या शब्दाखाली काय धरायचं हे वरून लिहून येतं.

भारतात ऐंशीच्या दशकापासून मालगाड्या अख्ख्या रेकनेच धावू लागल्या. सुट्या वाघिणी जुळवणारी मोठी यार्डं ओस पडली. काकांना त्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. “यार्डाचं वाटतं,” ते म्हणाले. “मध्ये जायचं नाही वाटत.”

आता ते अधूनमधून येतात. चिठ्ठ्या ते काढतात, मी इंजिन चालवते. वीस अंकही तेच मोजतात, आणि फार सावकाश मोजतात. कधी मला घाई झाली आणि मी सतराला इंजिन हलवलं, की डाव बाद.