ऐपत : परदेशी तीर्थयात्रेच्या खर्चाचा धर्मविचार

परदेशी तीर्थयात्रेला किती पैसा लागेल हा हिशेबाचा प्रश्न आहे; परंतु तो पैसा कोठून यावा आणि तो खर्ची पडल्यावर घरात काय उरावे, हा मात्र धर्मशास्त्राचा प्रश्न आहे आणि बहुतेक धर्मपरंपरांनी तो यात्रेच्या विधींइतक्याच गांभीर्याने हाताळलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा या भागांतील मुस्लिम कुटुंबे हजसाठी अरबस्तानाकडे आणि जिल्ह्याच्या गावोगावी राहणारी बौद्ध कुटुंबे नेपाळातील लुंबिनीकडे डोळे लावून असतात, आणि या दोन्ही यात्रांचा पैसा बहुतेक वेळा एकाच जागेतून, म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या चुकाऱ्यातून, यायचा असतो. जेथे पिकाचा भरवसा नाही आणि सोसायटीचे किंवा सावकाराचे देणे सहसा फिटलेले नसते, तेथे ‘ऐपत’ या शब्दाचा अर्थ काय, हे आधी ठरवावे लागते.

इस्लामी धर्मशास्त्रात यासाठी ‘इस्तिताअत’ अशी संज्ञा आहे. तिचा अर्थ सामर्थ्य किंवा कुवत. कुराणाच्या आल-ए-इम्रान या सुऱ्यातील ९७ व्या आयतीत हजचे कर्तव्य सरसकट सर्वांवर न घालता ज्याला तेथवर जाण्याची कुवत आहे त्याच्यावरच घातले आहे, आणि नमाज किंवा रोजा यांच्यापेक्षा हज वेगळा ठरतो तो या अटीमुळे. फिकह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, या कुवतीची फोड करताना ‘जाद’ (वाटेची शिदोरी) आणि ‘राहिला’ (वाहन) यांपासून सुरुवात करते. परंतु तेवढ्यावर न थांबता यात्रेकरू परत येईपर्यंत ज्यांचे पालनपोषण त्याच्यावर अवलंबून आहे त्यांचा ‘नफका’, म्हणजे निर्वाहखर्च, आणि डोक्यावरचे कर्ज या दोन्ही रकमा आधी बाजूला काढायला लावते. हिशेबाची दिशाच येथे उलटी आहे. प्रवासी कंपनीच्या पत्रकात विमानाचे भाडे, मक्का-मदिनेतील निवास, मिनाचे तंबू, कुर्बानीची रक्कम अशी बेरीज असते. फकिहांच्या, म्हणजे विधिशास्त्रज्ञांच्या, पद्धतीत वजाबाकी आधी येते आणि उरलेल्या रकमेला ती बेरीज पेलते का, हे शेवटी पाहिले जाते.

या वजाबाकीत शेतकऱ्याला विशेष स्थान आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. भारतातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी मताचे अनुयायी आहेत त्या मताचा सतराव्या शतकातील मोठा संग्रह म्हणजे औरंगजेबाच्या आज्ञेने विद्वानांच्या मंडळाने तयार केलेला ‘फतावा-ए-आलमगिरी’. त्यात व्यापारी, कारागीर आणि शेतकरी यांच्या कुवतीचा विचार वेगवेगळा केला असून, शेतकऱ्याच्या बाबतीत असे ठरवले आहे की जाण्यायेण्याचा आणि कुटुंबाचा खर्च भागवूनही त्याच्याजवळ नांगरटीची साधने, बैल वगैरे, शिल्लक राहत असतील तरच त्याच्यावर हज बंधनकारक होतो, एरवी नाही. या एका तरतुदीत केवढा शहाणपणा आहे हे यवतमाळच्या कास्तकाराला निराळे सांगायला नको. बैलजोडी विकली की वखर आणि डवरा कोपऱ्यात पडतो, पुढच्या हंगामात जोडी भाड्याने आणावी लागते आणि भाड्याची जोडी वाफसा येईल त्या दिवशी मिळतेच असे नाही. संपत्ती आणि उपजीविकेचे साधन यांतला भेद बाजाराला दिसत नाही, कारण बाजारात दोन्हींना भाव आहे. विधिशास्त्राने मात्र तो नेमका हेरला. सातबाऱ्यावर चार एकर आहेत म्हणून माणूस ऐपतदार ठरत नाही, ही गोष्ट पतपुरवठ्याच्या कचेऱ्यांना पुष्कळदा कळत नाही, ती या जुन्या ग्रंथाला कळली होती.

कुवत कोणत्या वेळी मोजायची, हाही प्रश्न हनफी विचारवंतांनी सोडलेला नाही. गावातील लोक हजला निघतात किंवा त्यासाठी रक्कम भरण्याची वेळ येते तेव्हा हातात पैसा असेल तर तो जमेस धरायचा. त्याआधीच तो रास्त कामी खर्च झाला असेल तर कर्तव्य लागू होत नाही. शेतीच्या उत्पन्नाला ही अट चपखल बसते, कारण कास्तकाराची ऐपत वर्षभर सारखी नसते, ती संक्रांतीच्या सुमारास वाढते आणि आषाढात आटते. त्यात हिजरी पंचांग चांद्र असल्याने हजचे दिवस दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात. २०२३ मध्ये हज जूनच्या अखेरीस आला, २०२४ मध्ये जूनच्या मध्यावर, २०२५ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे विदर्भात बियाणे आणि खताची खरेदी, पेरणी, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणी, या ऐन धांदलीतच. हज समितीचा अर्ज आणि पहिला हप्ता तर आता आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच भरावा लागतो. कपाशीला तेव्हा बोंडे धरायची असतात आणि घरातला पैसा शेतात गेलेला असतो.

मग उसनवारी करून किंवा कर्ज काढून गेलेल्याचा हज होतो की नाही? होतो, असेच बहुसंख्य शास्त्रकार सांगतात. विधी यथासांग झाले तर कर्तव्य फिटते. मात्र कर्ज काढून जाण्याची अपेक्षा धर्माने कोणाकडूनही केलेली नाही आणि ज्याच्यावर मुदत उलटलेले देणे आहे त्याने सावकाराची संमती घेतल्याशिवाय घर सोडू नये, अशी पुस्तीही जोडलेली आहे. विधीची वैधता आणि विधीची योग्यता या दोन गोष्टी येथे वेगळ्या केल्या आहेत. ‘आधी जा, हप्ते मग भरा’ अशा योजनांचा व्यवहार या भेदाच्या फटीतूनच चालतो. त्या योजना वैधतेची हमी देतात आणि योग्यतेविषयी गप्प राहतात.

राज्यसंस्थेनेही या प्रश्नात वेळोवेळी हात घातला. एकोणिसाव्या शतकात परतीच्या भाड्याशिवाय निघालेले आणि हिजाझमध्ये अडकलेले गरीब यात्रेकरू ही ब्रिटिश सरकारची डोकेदुखी झाली होती आणि १८८६ मध्ये त्याने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे सोपवली. धर्मशास्त्र ज्याला कुवत म्हणत होते तिची चौकशी आता तिकिटाच्या खिडकीवर होऊ लागली. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. एरवीच्या नोटांपासून रंगाने वेगळ्या असलेल्या या नोटांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत आणि त्या अरबस्तानात तेथील चलनात बदलून घेता येत. पुढे विमानभाड्यावर अनुदान आले. त्याविषयी ८ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश देताना आल-ए-इम्रानमधील त्याच आयतीचा आधार घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते त्याच वर्षापासून पूर्ण थांबवले. न्यायालयाने धर्मग्रंथ वाचून अंदाजपत्रकाची बाब निकाली काढावी, हा प्रसंग विरळाच. अनुदान गेल्यावर उरला तो चलनाचा खेळ. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराला बांधलेला असल्याने रुपया डॉलरपुढे घसरला की नागपूरहून विमान धरणाऱ्या दिग्रसच्या यात्रेकरूचा खर्च, मक्केत कशाचाही भाव न वाढता, वाढतो.

या पेचावर सर्वांत विचारपूर्वक उत्तर मलायात शोधले गेले. उंगकु अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये असे निदर्शनास आणले की मलाय खेडूत हजसाठी जमीन आणि गुरे विकतात, परतल्यावर कफल्लक होतात आणि गावाची अर्थव्यवस्थाही त्यामुळे खचते. त्याच्या योजनेतून १९६३ मध्ये यात्रेकरूंची व्याजमुक्त बचतसंस्था उभी राहिली. तीच आज ‘ताबुंग हाजी’ या नावाने ओळखली जाते. आलमगिरीने ज्या बैलांचे रक्षण नियमाने केले त्यांचे रक्षण येथे अल्पबचतीने झाले. वऱ्हाडात भिशीची रीत घरोघरी मुरलेली असताना तिला असे संस्थेचे रूप येऊ नये, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बौद्ध यात्रेचा खर्च त्या मानाने किरकोळ. महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावानाने पाहावीत अशी चार स्थाने सांगितली आहेत, त्यांपैकी बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर भारतात असून केवळ लुंबिनीसाठी सोनौलीची सीमा ओलांडावी लागते. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते, आणि शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरून गेलेला आहे. खर्च थोडा असला तरी तत्त्वाचा विचार येथेही तितकाच काटेकोर आहे. अनाथपिंडिक या श्रेष्ठीला बुद्धाने गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांतले तिसरे ‘अनण सुख’, म्हणजे कोणाचेही देणे नसण्याचे सुख. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग पाडायला सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवायचा. यात्रेचा उल्लेख तेथे नाही; परंतु तर्काने पाहता यात्रा पहिल्या भागातूनच व्हायला हवी, कारण व्यवसायाचे दोन भाग म्हणजे बियाणे आणि चौथा भाग म्हणजे दुष्काळ. लुंबिनीच्या ज्या स्तंभापुढे यात्रेकरू हात जोडतात, त्यावरचा लेखही, गंमत अशी, अर्धा भक्तीचा आणि अर्धा महसुलाचा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर आपण स्वतः येथे येऊन पूजा केली, असे नोंदवून अशोक लगेच लुंबिनी गावाला ‘बली’ हा कर माफ करतो आणि पिकातील राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणतो. राजाच्या यात्रेचा भार गावाने सोसायचा की गावाला राजाच्या यात्रेने दिलासा मिळायचा, याचा निकाल १८९६ मध्ये सापडलेल्या त्या दगडावर आधीच लागलेला होता.

हिंदू धर्मशास्त्राने हीच चर्चा फलाच्या भाषेत केली. महाभारताच्या वनपर्वात यज्ञाला साधनसामग्री लागते आणि ती दरिद्र्याच्या आवाक्यात नसते, म्हणून तीर्थयात्रा हा त्याचा यज्ञ, अशी मांडणी आहे. नंतरच्या निबंधकारांनी, म्हणजे शास्त्रवचनांचे विषयवार संकलन करणाऱ्या पंडितांनी, दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला यात्राफलाचा सोळावा हिस्सा आणि अन्य कामाच्या निमित्ताने जाता जाता यात्रा उरकणाऱ्याला निम्मा हिस्सा असे प्रमाणही लावून दिले. (यात्रेच्या जोडीने खरेदी करणाऱ्यांनी कोणता हिस्सा धरावा, हे ज्याचे त्याने पाहावे.) दरिद्र्याचा यज्ञ म्हणून मान्य झालेली यात्रा परदेशी गेली की पुन्हा यज्ञाइतकी महाग होते, पंढरीच्या वारीला ही अडचण कधी आली नाही, कारण तिचे मुख्य भांडवल पायच होते.

ज्याची ऐपत जन्मभर होत नाही त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न शेवटी उरतो आणि त्याचे इस्लामी उत्तर सर्वांत निःसंदिग्ध आहे : त्याच्यावर कर्तव्य आलेच नाही, त्यामुळे ते चुकलेही नाही. त्याला उणेपणा देतो तो समाज. नावामागे ‘हाजी’ लागलेल्या शेजाऱ्याकडे पाहून कर्जाचा अर्ज भरला जातो, तेव्हा मागणी धर्माची नसून मोहल्ल्याची असते. कुवतीची मोजणी मात्र दरवर्षी नव्याने करावी लागते, कारण पीक बदलते, भाव बदलतो आणि पंचांगही सरकते. २०३० मध्ये हज एप्रिलात येईल. तेव्हा कापसाचे चुकारे झालेले असतील आणि बियाण्यांची खरेदी सुरू झालेली नसेल.