इरलं आणि आमचे मेहुणे

काजवे पाहायला म्हणून आमचे मेहुणे दरवर्षी जूनच्या तोंडावर पुण्याहून भंडारदऱ्याला येतात आणि अकोल्यात आमच्याकडे उतरतात. काजव्यांचं दर्शन फुकट असतं, आमच्याकडचं जेवणही. यंदा मात्र त्यांनी येतानाच जाहीर केलं, "दाजी, मला एक इरलं हवंय. ओरिजनल. हॉलच्या भिंतीवर लावायचंय."

इरलं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांची दुहेरी वीण, मध्ये पळसाची पानं दाबून बसवलेली, आणि आकार असा की डोक्यावर घेऊन वाकलं तर पाठ झाकून जाते. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो तो छत्रीने आवरण्यातला नाही. आणि आवणीला दोन्ही हात चिखलात लागतात, छत्री धरायला तिसरा आणायचा कुठून? त्या तिसऱ्या हाताचं काम इरलं करायचं. आता प्लॅस्टिकचा कागद करतो. तो हलका, स्वस्त आणि बाजारात टांगलेला. वारा आला की पाठीवरून उडून पुढच्या बांधावर जातो, पण तक्रार कोण करतो?

एका वाडीवर इरली विणणारे एक बाबा अजून आहेत असं कळलं, म्हणून रविवारी आम्ही निघालो. वाटेत मेहुण्यांनी संस्कृतीवर भाषण दिलं. वारसा, ओळख, मुळं वगैरे. गाडीतला एसी चालू होता, त्यामुळे भाषण थंड डोक्याने झालं.

बाबा ओसरीवर कामट्या तासत बसले होते. इरलं कशाला हवं, हे त्यांनी विचारलं. मेहुणे म्हणाले, "भिंतीवर लावायला." बाबांनी जरा विचार केला आणि काळजीने विचारलं, "भिंत गळती व्हय?"

पुढे किमतीवरून घासाघीस झाली. बाराशे रुपयांच्या बुटांचा भाव न विचारणारा माणूस दोन दिवसांच्या विणकामातले पन्नास रुपये कमी करून घेतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विजय असतो. तो विजय मी पाहिला. मग समाधानाने मांडी घालून मेहुणे म्हणाले, "बाबा, मुलाला शिकवा हे. ही कला मरता कामा नये."

"माझं पोरगं सिन्नरला कंपनीत हाये," बाबा म्हणाले. "महिन्याचा पगार घेतंय. पर तुमचं धाडा की इकडं. शिकवतो. दोन-तीन पावसाळं काढावं लागत्यात, त्याबिगर हात बसत नाय."

मेहुण्यांचा चिरंजीव कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

परत येताना गाडीत भाषण नव्हतं, त्यामुळे मला विचार करायला सवड मिळाली. कला जगली पाहिजे हे आपण म्हणतो तेव्हा ती कुणाच्या पोराने जगवायची, हे मात्र आपण मनातल्या मनात ठरवून टाकलेलं असतं. आपल्या नक्कीच नाही. मीही त्यातलाच. माझे आजोबा मोडी लिहीत. वडिलांना ती वाचता येई. मी बी.कॉम. झालो. आजोबांचं दप्तर आमच्या पेटीत आहे आणि त्यात जमिनीचे कागद आहेत की उधारीची यादी, हे मी सांगू शकत नाही. कुणी येऊन मला "मोडी मरता कामा नये" असं म्हणालं, तर मीही घड्याळच पाहीन.

सरकारने काही केलं नाही असं नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याज, तारण नाही. टोपल्या, चटया, झाडू करणारे त्यात आहेत. पण कर्ज फेडायला गिऱ्हाईक लागतं, आणि भिंतीला एका इरल्यापेक्षा जास्त लागत नाही.

बँकेत ज्या खात्यावर दोन वर्षं व्यवहार नाही ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. सुरक्षित असतात, हक्कदार आला तर परतही मिळतात, पण तोवर चलनात नसतात. मेहुण्यांचा हॉल मला त्या फंडासारखा वाटू लागला.

दुसरी तऱ्हा आमच्याच तालुक्यात आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान वाल, घेवडे, भात यांचं बी जपत राहिल्या, बायफसारखी संस्था पाठीशी उभी राहिली आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचीही बँकच, बियाण्याची. पण तिथे ठेव नुसती पडून चालत नाही. बी डब्यात राहिलं तर उगवायचं विसरतं. ते न्यायचं, पेरायचं, पिकलं की वाढवून परत आणायचं. आमच्या वसुली विभागाने तिथे प्रशिक्षणाला जायला हरकत नाही. अर्थात त्या बियांना एक सोय आहे, त्यांची भाजी होते. इरल्याची होत नाही. जे पोटात जातं ते टिकवणं त्यामानाने सोपं, असं माझं मत आहे. बायको म्हणते, तुमचं प्रत्येक मत पोटाशीच येऊन थांबतं.

तरी बाबांचं ते "तुमचं धाडा की" डोक्यातून जाईना. माझी मुलगी बारावीत, तिला धाडणं शक्य नव्हतं. निदान ती तसं म्हणाली. मग पुढच्या रविवारी मीच गेलो. बाबांनी आपादमस्तक पाहिलं, हातात कोयता दिला आणि बांबू चिरायला बसवलं. पंचेचाळीस वर्षांचा हात, त्यात आयुष्यभर नोटा मोजलेल्या. तासाभरात एक कामटी झाली आणि उजवा अंगठा कापला. बाबांनी कामटी उजेडात धरून पाहिली आणि चुलीकडे टाकली.

सोमवारी बँकेत कॉम्प्युटरने माझा अंगठा ओळखला नाही. तीनदा लावला, तीनदा नाकारला. काउंटरवर रांग लागली. मॅनेजरसाहेब बाहेर आले, पट्टी पाहिली आणि रजिस्टर पुढे करून म्हणाले, "कारण लिहा."

रकाना एका ओळीचा होता. मी "घरगुती" असं लिहिलं. येत्या रविवारी बाबांनी पुन्हा बोलावलंय, पण येताना स्वतःचा कोयता आणा म्हणालेत.